गूगलमुक्त फोनसाठी कोणती प्रणाली?

प्रश्न : फोनमधून गूगलला हद्दपार करायचे आहे. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम निवडावी? यूपीआय चालेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : निवड हातातल्या फोनवर ठरते. सुरक्षिततेत सर्वांत काटेकोर मानली जाणारी ‘ग्राफीनओएस’ चालते ती गूगलच्याच पिक्सेलवर! कारण तांत्रिक आहे. नवी प्रणाली टाकल्यावर पिक्सेलचा बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) पुन्हा लॉक करता येतो. हवे असल्यास ग्राफीनओएसमध्ये प्ले स्टोअरही घेता येते, पण साध्या अ‍ॅपइतक्याच मर्यादित परवानग्यांवर.

‘लिनिएजओएस’ अनेक कंपन्यांच्या जुन्या फोनवर चालते. मात्र बहुतेकांचा बूटलोडर उघडाच राहतो. फोन चोरीला गेल्यास धोका वाढतो. फ्रान्सच्या गाएल दुवाल यांनी सुरू केलेली ‘ई-ओएस’ नवख्यांना सोपी वाटते. मद्रास आयआयटीशी संबंधित, जानेवारी २०२३ मध्ये गाजलेली ‘भारओएस’ कडक गोपनीयता लागणाऱ्या संस्थांसाठी होती.

खरी गोची बँकेची. अनेक बँकिंग अ‍ॅप गूगलकडून फोनची पडताळणी मागतात. ती न मिळाल्यास काही उघडतच नाहीत. त्यामुळे आपल्या बँकेचे अ‍ॅप नव्या प्रणालीवर चालते का, हे आधी तपासावे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना पिक्सेल घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडण्याची मुभा) सुरू होते का, ते पाहावे. अमेरिकी मोबाइल कंपन्यांच्या काही फोनवर ते कायमचे बंद असते. बूटलोडर उघडताच सगळा डेटा पुसला जातो, म्हणून आधी बॅकअप घ्यावा.

पिक्सेल असेल तर ग्राफीनओएस. नसेल तर, आणि यूपीआयवरच सगळे व्यवहार असतील तर, मूळ अँड्रॉइड ठेवून परवानग्या आवळणेच शहाणपणाचे.