कळतं, पण वळत नाही

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, एडीएचडीचं निदान झालंय. जर्नल लिहून पूर्ण असतं, पण कॉलेजात द्यायला विसरतो. त्याला कोच लावावा का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, जरूर लावा. तो आळशी नाही. काम सुरू करणं, वेळेचा अंदाज, लक्षात ठेवून पार पाडणं ही कौशल्यं एडीएचडीत उशिरा पक्व होतात. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हा उशीर साधारण ३० टक्के धरतात. म्हणजे सोळाव्या वर्षी नियोजन अकरा-बारा वर्षांच्या मुलाइतकं.

कोच म्हणजे विषयाची शिकवणी नव्हे. ‘जर्नल विसरू नकोस’ हे वाक्य त्याने हजारदा ऐकलंय, पण नुसतं सांगून काही होत नाही. चांगला कोच त्याच्याशी बोलून ठरवेल : लिहून झालं की जर्नल लगेच सॅकमध्ये, सॅक चपलांच्या रॅकपाशी, सकाळी सातला मोबाइलचा अलार्म. आठवड्याची एक भेट पुरत नाही. मधे दोन मिनिटांचा फोन हवाच. आठवण करून देण्याचं तुमच्यावरचं काम तेवढं कमी होईल, आणि घरातली रोजची वादावादीही कमी होईल.

कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यामुळे एडीएचडीच्या मुलांबरोबरचा अनुभव नीट विचारा. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.