हिशेब पुरात जाऊ नये : घरचा सर्व्हर आणि त्याच्या तीन प्रती

व्यापारात माल जितका मोलाचा, तितकीच त्याची नोंदही मोलाची. माल गेला तर पुन्हा भरता येतो. पण कोणाकडून किती येणे आहे, कोणत्या गिऱ्हाईकाला कोणते माप दिले, कोणता नमुना केव्हा काढला, ही नोंद गेली तर ती बाजारात विकत मिळत नाही. पूर्वी ही नोंद खतावणीत असे. आज ती संगणकात आणि मोबाईलमध्ये आहे. छापखान्यात लग्नपत्रिकांच्या फायली आहेत, फोटो स्टुडिओत हजारो छायाचित्रे आहेत, हुपरीच्या चांदी कारागिराकडे आणि चप्पल बनविणाऱ्याकडे नमुन्यांचे फोटो आहेत. या साऱ्याची राखण कशी करावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

कोल्हापूरकरांना हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा अशा भागांत दुकाने पाण्यात गेली. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेला संगणक अशा वेळी वाचत नाही.

दुसरी बाजू कायद्याची. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचे होते. म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवेत. अपील किंवा चौकशी चालू असल्यास मुदत आणखी वाढते. हिशेब संगणकावर असतील तर अपघात अथवा नैसर्गिक आपत्तीनंतरही ते वाजवी वेळात परत उभे करता येतील अशी प्रत ठेवावी, असे नियम ५७ सांगतो. पूर आला होता एवढे सांगून जबाबदारी संपत नाही.

यावर पुष्कळजण म्हणतात, "सारे गूगलवर आहे." ही सोय चांगली आहे, पण ती दुसऱ्याच्या गोदामासारखी आहे. नियम मालक ठरवतो. गूगल फोटोजवर अमर्याद फोटो फुकट ठेवण्याची सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली, हे लक्षात ठेवावे. म्हणून एक प्रत आपल्या मालकीच्या यंत्रावर असणे शहाणपणाचे.

सर्व्हर म्हणजे काय? सतत चालू राहणारा आणि घरातल्या व दुकानातल्या इतर यंत्रांना फायली पुरविणारा संगणक, इतकेच. त्यासाठी नवे महाग यंत्र लागत नाही. बाजूला पडलेला जुना संगणक चालतो, किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही पुरतो. विजेचा हिशेब आधी करावा. ४० वॅट घेणारा जुना संगणक दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट होतात. ८ वॅटच्या छोट्या यंत्राला पाच-सहा युनिट पुरतात. वीज अचानक गेली तर डिस्कवरील फायली बिघडू शकतात, म्हणून लहान यूपीएस जोडावाच.

त्यावर चालणारी प्रणालीही विनामूल्य मिळते. ओपनमीडियाव्हॉल्ट बसविले की घरातील सर्व संगणकांना एक सामाईक कपाट दिसू लागते. मोबाईलमधील फोटो आपोआप तेथे जावेत असे वाटल्यास नेक्स्टक्लाउड, आणि घरच्या लग्नाच्या चित्रफिती टीव्हीवर पाहावयाच्या असल्यास जेलीफिन वापरावे. पहिल्या महिन्यात मात्र फक्त सामाईक कपाटच चालवावे. एक गोष्ट नीट जमली की दुसरी घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर उमटविण्याची सोय असते. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. पण ही सुरक्षित प्रत नव्हे! चुकून फाईल पुसली तर ती दोन्हींकडून त्याच क्षणी पुसली जाते. पाणी शिरले तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत भिजतात. खंडणीखोर व्हायरस आला तर दोन्हींना कुलूप लागते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभर असाच धुमाकूळ घातला. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता, त्यांची यंत्रे सापडली.

म्हणून तीन-दोन-एकचा नियम पाळावा. प्रती तीन असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक गावाबाहेर असावी. पहिली प्रत कामाच्या संगणकात. दुसरी सर्व्हरवर, आणि तो पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर ठेवलेला. तिसरी सुट्या डिस्कवर, पुणे वा सोलापूरच्या नातेवाइकाकडे. पुराच्या वेळी शिरोलीजवळ महामार्गच बंद पडतो, तेव्हा शेजारच्या गल्लीतील प्रत कामाची नाही. ही डिस्क पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ताजी करून पाठवावी. दर आठवड्याचे ताजे हिशेब मात्र इंटरनेटवरील जागेत कुलूपबंद करून ठेवावेत. हिशेबाच्या फायली लहान असतात, गूगलची १५ जीबीची फुकट जागाही त्यांना पुरते.

सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये. बाहेरगावाहून तो पाहावयाचा असेल तर वायरगार्डसारखा बंदिस्त मार्ग वापरावा. गिऱ्हाईकांच्या घरातील फोटो आपल्याकडे अमानत आहेत. त्यांची किल्ली चौघांच्या हाती देऊ नये. मात्र परवलीचा शब्द कागदावर लिहून घरातील एका विश्वासू माणसाकडे द्यावा, नाहीतर आपल्या आजारपणात सारा धंदा कुलपात अडकेल.

शेवटची परीक्षा अशी : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणतीही एक जुनी फाईल प्रतीमधून परत काढून उघडून पाहावी. उघडली तरच प्रत आहे असे समजावे.

यंत्राला घाबरू नये. याच कोल्हापुरात सुतारकाम-लोहारकामाच्या घरातून आलेल्या बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास परदेशी यंत्र पाहून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला. त्यांच्या कंपनीचे मूकपट मात्र आज बहुतेक पाहावयास मिळत नाहीत, कारण त्यांच्या प्रती राहिल्या नाहीत. यंत्र बनविण्याची हिंमत आणि प्रत जपण्याची शिस्त, कारागिराला दोन्ही हव्यात. येत्या पावसाळ्याआधी निदान एक सुटी डिस्क भरून गावाबाहेर पाठवा. सर्व्हरचे काम त्यानंतर हाती घ्या.