वळणावरचे विज्ञान : मोटारसायकलचे प्रशिक्षक काय शिकवतात?

विद्यार्थी मित्रांनो, कुर्डुवाडी जंक्शनवरून तुम्ही कधी तरी गेला असाल. १८९७ साली येथून बार्शीकडे एक छोटी आगगाडी धावू लागली. तिच्या दोन रुळांमधले अंतर होते अवघे ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरने उभारलेली ही ‘बार्शी लाइट रेल्वे’ पुढे पंढरपूर, मिरज आणि लातूरपर्यंत गेली. आता हा मार्ग रुंदमापी झाला आहे. पण रुळांची एक गोष्ट तेव्हा होती तीच आजही आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किंचित उंच ठेवलेला असतो. त्यामुळे सगळी गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कलते.

आता स्टेशनाबाहेर या. टेंभुर्णीच्या किंवा बार्शीच्या रस्त्यावर वळण घेणारा मोटारसायकलस्वार पाहा. तोही आतल्या बाजूला कलतो. पण त्याचा रस्ता सपाट आहे. मग त्याला कोण कलवते? आणि किती कलले म्हणजे तो घसरेल?

या प्रश्नांची उत्तरे शिकवणारे काही गुरुजी आहेत. त्यांची शाळा भरते शर्यतीच्या ट्रॅकवर! चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा ट्रॅक १९९० पासून आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ साली बुद्ध सर्किट सुरू झाले. शर्यत नसेल त्या काही दिवशी अशा ट्रॅकवर सामान्य चालकांना प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली गाडी चालवता येते. तेथे समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत. त्यामुळे चूक झाली तरी ती सुधारण्याची संधी मिळते. या गुरुजींचे चार धडे आपण पाहू. चारही धडे तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातलेच आहेत.

पहिला धडा : कलण्याचा हिशेब

वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. आगगाडीला ते रुळांकडून मिळते. सपाट रस्त्यावरच्या मोटारसायकलला ते फक्त टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाकडून मिळते. दोन्ही टायर रस्त्याला टेकतात ती जागा मिळून जेमतेम तुमच्या दोन तळव्यांएवढी असते. सारा भार या दोन तळव्यांवर!

वेगाच्या वर्गाला ‘त्रिज्या गुणिले गुरुत्व त्वरण’ याने भागले की कलण्याच्या कोनाची स्पर्शिका, म्हणजे ‘टॅन’, मिळते. समजा, वळणाची त्रिज्या २० मीटर आहे आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. १०० भागिले (२० × ९.८) म्हणजे ०.५१. कोन आला सुमारे २७ अंश.

गंमत पुढेच आहे. सपाट रस्त्यावर हीच संख्या, ०.५१, म्हणजे त्या क्षणी लागणारा घर्षण गुणांक. कोरड्या, स्वच्छ डांबरावर हा गुणांक साधारण ०.८ पर्यंत मिळतो, म्हणून आपला स्वार सुखरूप जातो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरू शकतो. वाळू किंवा माती पसरली असेल तर त्याहूनही खाली. आपल्या भागात उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल आणि पाचट रस्त्यावर येते. वळण तेच, वेग तोच, चालकही तोच. पण मागणी ०.५१ ची आणि पुरवठा ०.४ चा! गाडी घसरणारच.

याच सूत्रावरून २० मीटर त्रिज्येच्या वळणावरचा कमाल वेग काढा. गुणांक ०.८ असता तो येतो ताशी ४५ किलोमीटर, ०.४ असता ३२ आणि ०.३ असता जेमतेम २८. या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही हेही लक्षात घ्या. ‘माझी गाडी वजनदार आहे, ती रस्ता धरून चालते,’ असे म्हणणाऱ्याला हे सूत्र दाखवा.

दुसरा धडा : उजवीकडे जायचे तर डावीकडे!

मोटारसायकल उजवीकडे वळवायची असेल तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकला, असे प्रशिक्षक सांगतात. मूठ पुढे ढकलली की चाक डावीकडे वळते. मग गाडी उजवीकडे कशी जाईल?

घरी एक प्रयोग करा. केरसुणीची लांब काठी तळव्यावर उभी तोलून धरा. आता काठी उजवीकडे झुकवायची आहे. तुमचा तळवा आधी नकळत डावीकडे जाईल. मोटारसायकलचेही तसेच होते. चाके क्षणभर डावीकडे सरकतात, वरचा भार उजवीकडे कलतो, आणि मग चाक आपसूक उजवीकडे वळून गाडी वळण धरते. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. विमानाच्या शोधापूर्वी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरच्या हे ध्यानात आले होते. सायकल चालवणारे सगळेच हे करतात, पण आपण काय करतो हे बहुतेकांना सांगता येत नाही, हे त्याने ओळखले होते.

हे नकळत होत असेल तर शिकायचे कशाला? कारण घाबरलेला माणूस समोरच्या खड्ड्यापासून दूर जाण्यासाठी हँडल सरळ दुसऱ्या बाजूला ओढतो आणि गाडी नेमकी खड्ड्याकडे कलते. जे नकळत येते ते संकटात दगा देते. जे समजून येते ते हाताशी राहते.

तिसरा धडा : घर्षण एकच, वाटेकरी दोन

टायरजवळ घर्षणाची एकच शिल्लक असते. वळणे आणि ब्रेक लावणे, दोन्ही खर्च तिच्यातूनच होतात. हा खर्च साध्या बेरजेने होत नाही, तर पायथागोरसच्या नियमाने होतो, कारण दोन्ही बले एकमेकांशी काटकोनात असतात. एकूण शिल्लक १० मानली आणि वळण्यात ८ खर्च झाले, तर ब्रेकसाठी ६ उरतात. वळण्यातच १० खर्च झाले तर ब्रेकसाठी काहीच उरत नाही. म्हणून प्रशिक्षक सांगतात : वेग वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर कमी करा.

तो किती आधी करायचा? ताशी ४० किलोमीटर वेग आणि गुणांक ०.७ असता ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे ९ मीटर जाते. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर १८ नव्हे, ३६ मीटर जाते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. तेवढ्यात ११ किंवा २२ मीटर निघून जातात. एकूण अंतर झाले २० आणि ५८ मीटर.

ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. तो हळूहळू दाब वाढवत लावायचा असतो. एकदम आवळला तर भार पुढे येण्याआधीच चाक अडकते.

चौथा धडा : नजर आणि रेषा

ट्रॅकवर स्वार बाहेरच्या कडेने येतो, वळणाच्या मध्यावर आतली कड गाठतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जातो. का? समजा, काटकोनी वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर आणि रुंदी १० मीटर आहे. मधोमध गेल्यास त्रिज्या २५ मीटर होते. बाहेर–आत–बाहेर गेल्यास ती सुमारे ५४ मीटर होते. गुणांक ०.८ धरल्यास कमाल वेग ताशी ५० वरून ७४ वर जातो.

पण थांबा! हा धडा ट्रॅकवरच ठेवून यायचा. आपल्या रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात समोरून एसटी येत असते. रस्त्यावर रेषा आपल्याच बाजूची.

नजरेचा धडा मात्र रस्त्यावरही तसाच लागू पडतो. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. चाकापुढचा खड्डा दिसेपर्यंत तो मागे गेलेला असतो. म्हणून नजर दूर, वळणाच्या शेवटाकडे हवी. जेथे नजर खिळते तेथे गाडी जाते.

गुरुजींची रीत

अमेरिकेतील कीथ कोड यांनी १९८० साली मोटारसायकल प्रशिक्षणाची एक शाळा काढली. तिचे वर्ग भारतातही भरले आहेत. या शाळेची रीत अशी : एका फेरीत एकच कौशल्य. प्रथम फळ्यावर, मग ट्रॅकवर, मग पुन्हा प्रशिक्षकाशी बोलणे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीमुळे सुधारणा झाली हे कळत नाही. तुम्ही प्रयोगशाळेत बाकी सर्व स्थिर ठेवून एकच राशी बदलता, तेच हे. आपले अवधान मर्यादित पैशासारखे आहे, असे कोड सांगतात. नवशिक्याचे सारे पैसे गिअर आणि ब्रेकमध्येच संपतात. सराव झाला की रस्ता पाहायला काही उरतात.

मित्रांनो, गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोपर्यंत मागे बसा, पण हेल्मेट घालून बसा आणि हा हिशेब पुढे बसलेल्या दादाला, काकांना अवश्य सांगा.

करून पाहा : शिक्षकांच्या सोबतीने, रहदारी नसलेल्या जागी एखादे वळण निवडा. त्याच्या आतल्या कडेवर २० मीटरची दोरी दोन टोकांना ताणून धरा. दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजा. दोरीच्या लांबीच्या वर्गाला या अंतराच्या आठपटीने भागा आणि त्यात या अंतराची निमपट मिळवा. ही झाली त्रिज्या. अंतर २.५ मीटर भरले तर त्रिज्या २१.२५ मीटर येईल. मग कोरड्या, ओल्या आणि वाळूच्या रस्त्यासाठी कमाल वेग काढा आणि तो तक्ता वर्गात लावा. ते वळण आपल्याला किती वेग देऊ शकते, हे वर्गातल्या सर्वांना कळेल.