अर्ध्या ग्रॅमची अक्कल

१. हातात रायफल दिसली की लोक माणसाला शिकारी धरूनच चालतात. मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये मोजमापं तपासतो आणि रविवारी रेंजवर दहा मीटर एअर रायफल मारतो. एवढ्या भांडवलावर कंपनीत माझं नाव ‘शिकारी’ पडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळावर बंदूक रोखली की थेट तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी जेवणाच्या सुट्टीत ‘काय पाडलं काल?’ होतंच. ‘कागद,’ असं माझं ठरलेलं उत्तर. स्वीडनला नोकरी करणाऱ्या भाच्यानं मात्र मला खरोखरच जाणकार ठरवलं. तिथला शिकारीचा परवाना हातात पडताच त्याचा फोन : “मामा, हरीण आणि मूस, दोन्हीला चालेल अशी गोळी कोणती घेऊ?” मी भारदस्त आवाजात ‘बघून सांगतो’ म्हणालो आणि मग खरंच वाचत बसलो.

२. जोर हा या निवडीतला सगळ्यात सोपा भाग निघाला. माझ्या एअर रायफलचा पेलेट अर्ध्या ग्रॅमचा, त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. स्वीडनचा नियम सांगतो की मूससाठी गोळी १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात २००० ज्यूल हवेत, ९ ग्रॅमची असेल तर २७००. (आकडे वाचून माझ्या पेलेटकडे बघवेना.) पण तो आकडा गाठला की जोराचा प्रश्न मिटतो, खरी पंचाईत पुढे आहे. लष्करी, पूर्ण कवचाची गोळी शिकारीला चालत नाही. ती आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन रानात पळतं. शिकारीची गोळी आत शिरल्यावर फुलावी लागते. आता तिथलं रो हरीण साधारण आपल्या भेकराएवढं, आणि मूसचा मोठा नर चारशे किलोच्या पुढे. हरणासाठी पटकन फुलणारी गोळी मूसच्या खांद्याच्या हाडावरच फुटून संपायची. मूससाठीची कणखर गोळी हरणातून न फुलताच निघून जायची. समोर कोण उभं राहणार हे आधी ठरवा, मग दुकानात जा, इतकंच मी भाच्याला कळवलं. त्याला एखादं नाव हवं होतं.

३. माझ्या खेळात शेवटचा शब्द बॅरलचा असतो. पेलेटच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असा डोक्याचा व्यास छापलेला असतो. माझा अख्खा दिवस या शतांश मिलिमीटरांतच जातो, तेव्हा इथे तरी आपण चार पावलं पुढे, असा माझा समज. मी मायक्रोमीटर लावला. शिसं इतकं मऊ की तो जरा जास्त आवळला तर मापाबरोबर पेलेटही बदलतो. मग बारीक काट्यावर वजनं केली, हलके-जड वेगळे काढले, डबीत ओळीनं मांडले. रायफल व्हाइसमध्ये पकडून प्रत्येक डब्यातले पाच-पाच झाडले. माझ्या निवडक पेलेटांचा ग्रुप बरा आला; पण शेजारी सराव करणाऱ्या कॉलेजच्या मुलीकडून सहज मागून घेतलेल्या साध्या डब्यातले पाच जवळजवळ एकाच भोकातून गेले. गंमत पुढेच. तिच्या रायफलमध्ये तोच डबा पांगत होता. दोन्ही रायफली एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या! कुणाला कोलम मानवतो, कुणाला इंद्रायणी, तसं बॅरलचं असतं. कारण विचारायची सोय नाही. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे हे लाड पुरवावेच लागतात. पन्नास मीटरवाले तर इंग्लंड-जर्मनीत कंपन्यांच्या रेंजवर स्वतःची रायफल नेतात, लॉटमागून लॉट झाडून पाहतात आणि जमलेला लॉट पेट्यांनी उचलतात. पुढच्या वर्षी तेच नाव, तीच किंमत, पण लॉट वेगळा; की पुन्हा पहिल्यापासून.

४. चांगली गोळी म्हणजे जिचा सराव परवडतो ती, असं मला हल्ली वाटतं. स्वप्निल कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाज म्हणून घडला तो आमच्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा त्याच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं पेपरात आलं होतं. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ती द्यायच्या आधी तीस सरावाच्या गोळ्या झाडायच्या असतात. कुसाळेच्या घरी हा आकडा ऐकून हसले असते.

५. शिशाचा विचार मी फक्त हात धुण्यापुरता करत होतो. शिकारीची गोळी फुलताना शिशाचे कण मांसभर विखुरतात. टाकून दिलेली आतडी गिधाडं खातात आणि त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियानं काँडोर गिधाडांपायी २०१९पासून शिकारीत शिशाची गोळीच बंद केली. तिथले शिकारी आता तांब्याची वापरतात. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं बघणाऱ्या नाशिककरांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. आपल्याकडे घात डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं केला, आणि जनावरांसाठी त्यावर २००६मध्ये बंदी आली.

६. आमच्या भागात जनावरावर रोखलेली एकच बंदूक बघायला मिळते, ती वन खात्याची बेशुद्धीच्या इंजेक्शनची. सिडको-अंबडकडे बिबट्या शिरला की कंपनीतले मला म्हणतात, “जा ना, तुझा नेम आहे!” नेमाचं काय घेऊन बसलात? तिथे वेग मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर जवळून मारलेली सुई हाडापर्यंत घुसायची. ती मांडीच्या जाड स्नायूत बसायला हवी. त्यानंतरही बिबट्या काही मिनिटं शुद्धीवर असतो, आणि गल्लीत मोबाइल धरून शंभर माणसं. औषधाची मात्रा वजनावर ठरते. भिंतीआड दबकलेल्या, अर्धवट दिसणाऱ्या बिबट्याचं वजन डॉक्टर नुसत्या नजरेनं ठरवतात. मला समोर बसलेल्या साहेबांचंही सांगता येणार नाही.