विचारणाऱ्यास उत्तर कसे द्यावे?

वाचनपाठ : १ पेत्र ३:१३–१६; योहान ९; २ राजे ५:१५–१९

खेड्यात काम करणाऱ्या उपदेशकास प्रश्न विचारले जातात ते उपासनामंदिरात नव्हे. ते पाणवठ्यावर, द्राक्षाच्या मळ्यात छाटणीच्या वेळी, दवाखान्याच्या रांगेत, किंवा पेठ-सुरगाण्याकडे जाणाऱ्या एस. टी.ची वाट पाहताना विचारले जातात. विचारणारा कधी चेष्टेने विचारतो, कधी रागाने. परंतु पुष्कळदा तो मनात भीती धरून विचारतो आणि ती भीती चेष्टेच्या आड लपवितो. अशा वेळी काय करावे हे पेत्राने विश्वासणाऱ्यांस लिहून ठेवले आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सिद्ध असा, असे तो सांगतो. व लागलीच जोडतो की ते सौम्यतेने व आदराने द्या. ह्या वचनाचा पहिला भाग आमच्या लोकांस पाठ असतो. दुसरा मात्र वादाच्या भरात विसरला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेत्र म्हणतो ते आपल्या आशेविषयी. आकाशपाताळातील सर्व गूढांचा उलगडा करण्याचे काम त्याने आपणांवर टाकिलेले नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्यास परूशी लोकांनी कितीतरी प्रश्न घातले. त्यांपैकी बहुतेकांचे उत्तर त्यास ठाऊक नव्हते, आणि तसे त्याने सरळ सांगितले. आपण आंधळे होतो व आता दिसते, एवढे मात्र त्याने कोणाच्याही दबावाने सोडले नाही. ज्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्याने सांगावे, ह्यात कमीपणा नाही.

आता नेहमी येणारे काही प्रश्न घेऊ.

“हा साहेबांचा धर्म. साहेब गेले, तुम्ही कशाला धरून बसलात?” ह्यास उत्तर देताना आरंभी जे खरे आहे ते कबूल करावे. नाशकात चर्च मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले ते १८३२ साली. पेशवाई जाऊन त्या वेळी अवघी चौदा वर्षे झाली होती आणि राज्य कंपनीचे होते. हे झाकण्यात अर्थ नाही. परंतु राज्य साहेबांचे होते म्हणून तारणारा साहेबांचा होत नाही. प्रभु येशू आशिया खंडात, गालीलात वाढला. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प ज्यास वाटेवर बाप्तिस्मा देतो तो कूशी देशाचा अधिकारी होता. केरळातील सुरियानी ख्रिस्ती मंडळ्या तर युरोपियनांची गलबते किनाऱ्यास लागण्यापूर्वी कित्येक शतके उपासना करीत होत्या.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण हवे असेल तर शरणपुराचे द्यावे. आज नाशकात शरणपूर रोडने जाणाऱ्या पुष्कळांस हे नाव कशावरून पडले ते ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनने तेथे ख्रिस्ती लोकांची वसाहत केली. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुलेही तेथे आणून ठेविली होती. त्यांस लिहिणेवाचणे व हातचे धंदे शिकवीत. नाशकात शिकलेल्या ह्या आफ्रिकनांपैकी जेकब वेनराइट नावाचा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी ते प्रेत कित्येक महिने वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिले. त्याच्या मृत्यूच्या ठिकाणी झाडावर नाव व तारीख कोरली ती ह्या वेनराइटने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले त्या प्रसंगी तोही शवपेटी वाहणाऱ्यांत होता. गोदाकाठी अक्षरे गिरविलेला आफ्रिकेचा मुलगा! ह्या धर्मास एका देशाचा वा एका रंगाचा म्हणणाऱ्यास ही कथा सांगावी आणि पुढे वाद घालू नये.

दुसरा प्रश्न घराचा आहे, आणि तो सर्वांत दुखरा आहे. “माझा विश्वास बसला आहे, पण घरधनीण ऐकत नाही. काय करू?” किंवा सून विचारते, “मी प्रार्थनेस येते, पण सासूबाईंना कळले तर घराबाहेर काढतील.” ह्याचे उत्तर देण्याआधी उपदेशकाने नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा विचार करावा. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशकाजवळचे जलालपूर. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही. अशा घरातली मुलगी १८८० साली टिळकांस दिली. टिळकांच्या हाती आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरिले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी लहान मुलासह दूर आपल्या माणसांत होत्या. त्यांची संमती घेऊन हे झाले नव्हते. त्यांनी जे दुःख भोगिले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. टिळकांविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे. तथापि त्या दिवसांत अधिक मोठा भार कोणी वाहिला असे विचारल्यास आम्ही लक्ष्मीबाईंचेच नाव घेऊ.

पुढे त्या पतीकडे आल्या तेव्हा ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपले सोवळे त्यांनी आपल्यापाशी ठेविले. चूल व पाणी निराळे ठेविले. आणि त्या घरात तसे चालू दिले गेले. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्या विचाराने त्यांचे मन आतून घोळत राहिले. अखेर एक दिवस त्यांनी स्वतःच शिवाशीव टाकून दिली. आधी ती सुटली, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. पतीच्या बाप्तिस्म्यापासून पाच वर्षे! टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे ह्याच बाईंनी हाती घेतले.

उपदेशकाने ह्यातून काय घ्यावे? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की, विश्वास न ठेवणारी बायको नांदावयास राजी असेल तर नवऱ्याने तिला टाकू नये. बायकोलाही नवऱ्याविषयी तोच नियम. तेव्हा “घर सोडून ये” असा सल्ला कोणासही देण्याचा अधिकार आम्हांस नाही. घरात मारहाण होत असेल तर गोष्ट निराळी; तेथे जिवाचे रक्षण आधी पाहावे, व त्यात मंडळीने मागेपुढे पाहू नये. पण जेथे केवळ मतभेद आहे, तेथे विश्वासणाऱ्याने घरच्या देव्हाऱ्याची टवाळी करू नये, सणाच्या दिवशी मुद्दाम भांडण उकरू नये, आणि बाप्तिस्म्याचा दिवस घरच्यांपासून चोरून ठरवू नये. पाच वर्षे लागली तर लागू द्यावीत. कोणाची घाई असेल तर ती बहुधा उपदेशकाच्या अहवालास असते, देवास नसते.

ह्याला लागूनच सणाचा व प्रसादाचा प्रश्न येतो. भावाच्या घरी लग्न आहे, देवकार्य आहे. जावे की न जावे? ह्याविषयी नामानाची गोष्ट फार थोडे सांगितली जाते. कुष्ठरोगातून बरा झाल्यावर त्याने इस्राएलाच्या देवाखेरीज कोणास भजणार नाही असे ठरविले. परंतु त्यास एक अडचण होती. त्याचा धनी रिम्मोनाच्या देवळात जाई तेव्हा त्याच्या हातास धरून ह्यास वाकावे लागे. त्याने हे अलीशापुढे उघड मांडले. अलीशाने त्यास खडसावले नाही. शांतीने जा, एवढेच म्हटले. आता नामानाने हे लपविले नव्हते, आणि तो आपल्या खुशीने वाकत नव्हता, हेही पाहावे. नात्यातल्या लग्नास जरूर जावे, कामास हात लावावा, पंगतीत बसावे. खाण्याविषयी पौलाचा नियम (१ करिंथ. १०:२७–२९) सोपा आहे : वाढले ते चौकशी न करता खावे, परंतु हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्याच्या मनासाठी हात आवरावा. नम्रपणे “नको, काकू” म्हटल्याने नाते तुटत नाही. नाक मुरडल्याने तुटते.

आता कागदाचा प्रश्न. हा पूर्वीच्या पाठांत आढळत नाही, पण आज गावोगाव हाच अधिक कुजबुजला जातो. “बाप्तिस्मा घेतला तर मुलाचा दाखला जाईल काय?” ह्यास गुळमुळीत उत्तर देणारा उपदेशक लोकांस फसवितो. १९५० साली निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारास अनुसूचित जातीचे समजले जात नाही. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्यात घेतले. ख्रिस्ती लोकांस घेतलेले नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अशी अट नाही. म्हणून कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी यांची स्थिती निराळी आहे. पूर्वाश्रमीचे महार, मांग, चांभार यांच्यापुढे मात्र खरोखरीचे नुकसान उभे राहते : मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी. हे नुकसान लहान आहे असे पगारदार मनुष्याने त्यांस सांगू नये.

मग काय सांगावे? जे खरे आहे ते आधी सांगावे, म्हणजे मनुष्य डोळे उघडे ठेवून ठरवील. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेथे विचारून घेण्यास त्यास सोबत द्यावी. खोटा कागद करण्यास कोणी सांगू नये. पण जो भयाने थांबला आहे त्यास भेकड म्हणून हिणवूही नये. निकदेम रात्री आला; प्रभूने त्यास दार लावून घेतले नाही. अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे गुप्त शिष्य होता, असे शास्त्रच म्हणते (योहान १९:३८). आणि शिष्य पळून गेले तेव्हा देह मागावयास पिलाताकडे गेला तो हाच. देव त्याच्यासाठी थांबला होता, मंडळीनेही थांबावे. आणि ज्याने सर्व जाणून पाऊल टाकिले त्याच्या मुलाची फी भरण्याची वेळ आली, तर मंडळीने त्या रविवारी आपली दानपेटी त्याच्यासाठी उघडावी. पौलाने कुरकुर न करता देण्याविषयी जे लिहिले ते अशाच प्रसंगासाठी.

येथेच लोक उलट प्रश्न करतात, आणि तो रास्त आहे : “तुमच्यात तरी जात गेली काय?” काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून १९३० साली सत्याग्रह सुरू झाला तो ह्याच नाशकात, १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी येवल्यास केलेली घोषणा ह्याच जिल्ह्यातली. येथल्या लोकांस देवाच्या दारातली जात चांगली ओळखता येते. एखाद्या मंडळीत सोयरीक जुळविताना मूळची जात विचारली जात असेल, तर ती गोष्ट गावास आमच्या आधी कळते. पेत्र अंत्युखियात विदेशी लोकांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्यास तोंडावर दोष दिला (गलती. २:११–१४). प्रेषितास जे सांगावे लागले ते आम्हांसही लागू आहे. म्हणून ह्या प्रश्नास तोंडी उत्तर न देता पुढल्या प्रीतिभोजनात आपण कोणाशेजारी बसतो ते पाहावे.

आजाराविषयी थोडक्यात. बाप्तिस्मा घेतल्यावर बैल मेला, मूल आजारी पडले, आणि शेजारी म्हणाले की देवी कोपली. घाबरलेल्या घरास आधी दवाखान्यात न्यावे, मग योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवावा. कोणाच्या पापामुळे हा आंधळा जन्मला, असे शिष्यांनी विचारले. प्रभूने त्याचेही नाव घेतले नाही, आईबापांचेही नाही. तेव्हा “तुझा विश्वास कमी पडला” असे म्हणणारा ख्रिस्ती आणि “देवी कोपली” असे म्हणणारा शेजारी, हे दोघे एकाच घरचे समजावेत. औषध बंद करून केवळ प्रार्थना करा असे शिकविणारे कोणी गावात फिरत असतील, तर त्यांजपासून लोकांस वेळीच सावध करावे. लूक स्वतः वैद्य होता.

शेवटचा प्रश्न बहुधा म्हातारी माणसे विचारतात, आणि तोही एकांतात. “मास्तर, मी तर प्रभूकडे जाईन, पण माझी आई कुठे असेल? तिला हे नाव कधी ऐकूही आले नाही.” कित्येक उपदेशक येथे झटकन एक ओळ म्हणून मोकळे होतात, आणि ती आजी पुन्हा प्रार्थनेस येत नाही. जो न्याय देवाने आपल्या हाती ठेविला आहे तो आपण बोलून दाखवू नये. सदोमाविषयी बोलताना अब्राहामाने देवासमोर उभे राहून विचारले की, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय (उत्पत्ति १८:२५). देव त्याच्यावर रागावला नाही. त्याचे ऐकून घेत राहिला. त्या आजीस हा अध्याय सावकाश वाचून दाखवावा. मग तिच्या आईचे नाव विचारावे, ती कशी होती ते ऐकावे, आणि ते नाव घेऊन तिच्याबरोबर देवाचे आभार मानावेत की, अशा बाईच्या मांडीवर ही लेक वाढली.