श्रवणयंत्र आणि बाजारातील आवाजवर्धक

— बी. ए. भाग २

उतारवयात नजर अधू झाली की माणूस चष्मा घेतो. त्यात कोणाला संकोच वाटत नाही. कान अधू झाला की मात्र घरचे आधी मोठ्याने बोलू लागतात आणि पुढे बोलणेच कमी करतात. अशा वेळी बाजारात काही शे रुपयांत मिळणारे ‘कानाचे मशीन’ हा सोपा उपाय वाटतो. हे मशीन श्रवणयंत्राची जागा घेऊ शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आवाज टिपणे, वाढविणे व कानात सोडणे ही कामे दोन्ही साधने करतात. परंतु साधा आवाजवर्धक सर्व आवाज जवळजवळ सारखेच वाढवितो. वार्धक्यात ऐकणे असे सरसकट कमी होत नाही. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. ‘स’, ‘श’ ही व्यंजने त्याच पट्टीतील. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. कापसाच्या बाजारात ‘साठ’चे ‘आठ’ होतात. अशा कानाला भांड्यांचा खणखणाट वाढवून देण्यात काय अर्थ? श्रवणयंत्र तपासणीच्या आलेखाप्रमाणे, जेथे उणीव तेथे भर, असे जुळविता येते.

तथापि सर्वच स्वस्त साधने टाकाऊ नव्हेत. २०१७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या ४२ ज्येष्ठांना गोंगाटातील बोलणे किती समजते, हे तपासले. उघड्या कानाने सुमारे ७७ टक्के, १,९०० डॉलरच्या श्रवणयंत्राने ८८ टक्के आणि तीनशे डॉलरच्या आसपासच्या चार आवाजवर्धकांनी ८१ ते ८७ टक्के समजले. ३० डॉलरच्या साधनाने मात्र ६५ टक्केच! म्हणजे ते न लावलेलेच बरे.

ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत प्रौढांना सौम्य ते मध्यम दोषासाठी श्रवणयंत्र चिठ्ठीशिवाय विकत घेता येते. पण त्याच्या आवाजाला १११ डेसिबलची, आणि मोठा आवाज आपोआप आवरणारी सोय असल्यास ११७ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळीक दिली, पण कुंपण घालून दिली.

आता आपल्याकडे पाहू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार श्रवणदोषाची गणना दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या हानीपासून होते. पंचेचाळीस-पन्नास डेसिबल गमावलेल्या म्हाताऱ्याला प्रमाणपत्र नाही. मग तो बाजाराकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तीत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये ठरविले. त्या साहित्यात श्रवणयंत्रही आहे. वर सांगितलेले ३० डॉलरचे साधन याच रकमेत बसते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. पुष्कळदा कानात नुसता मळ असतो. तो काढला की यंत्राची गरजच उरत नाही. कान वाहणे, एकाएकी वा एकाच कानाने ऐकू न येणे, चक्कर येणे, ही लक्षणे असल्यास आधी डॉक्टर गाठावा. लहान मुलाला तर बाजारचे मशीन कधीच लावू नये. त्याचे बोलणे शिकण्याचे दिवस वाया जातात. तपासणीनंतर स्वस्त साधन घ्यायचेच ठरले, तर आवाजाची कमाल मर्यादा खोक्यावर लिहिलेली आहे काय आणि ते परत करता येते काय, हे पाहावे.

खोक्यावरचा हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो वाचू शकणारे आपण पहिलेच आहोत. घरच्या वडीलधाऱ्यांना तो वाचून, समजावून सांगणे आणि त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाणे, एवढे तरी आपल्या शिक्षणाकडून त्यांना मिळावे.