तीन मिनिटांचा राग आणि गिरणगावचा श्रोता

अभिजात संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे श्रोत्यांचे दोन वर्ग पाडण्याचा प्रघात आहे. एक जाणकारांचा, हे पुढच्या रांगेत बसतात, समेवर मान हलवतात आणि मध्यंतरात चहा घेताना गायकाची तालीम कोणत्या घराण्याची, यावर वाद घालतात. दुसरा सामान्यांचा, यांना गाणे आवडते, पण ते का आवडले हे सांगता येत नाही. या दुसऱ्या वर्गासाठी ‘निवडक’ काढण्याची चाल शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ग्रामोफोनची तबकडी, नाटकातील पद, रेडिओ, मग कॅसेट आणि आता मोबाईलवरील याद्या. जाणकार मंडळी या निवडक प्रकाराकडे पाहून नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे असे की, तासाभराचा राग तीन मिनिटांत कोंबला म्हणजे त्याचा अर्क निघत नाही, चोथा होतो. हे म्हणणे कितपत खरे आहे, आणि आपल्या लोअर परळसारख्या कामगार वस्तीत हे संगीत कोणत्या वाटेने आले, याचा थोडा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम तबकडीविषयी. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. भारतीय रागसंगीत मेणावर उमटण्याची सुरुवात तेथून झाली असे मानतात. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढवून गावयाचे आणि सुमारे तीन मिनिटे होताच थांबावयाचे. शेवटी गोहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना कोणाचे गाणे ते कळावे म्हणून ही व्यवस्था होती. आज ऐकताना मात्र ती पुकार म्हणजे आपल्या गाण्यावर सही ठोकल्यासारखी वाटते.

प्रारंभी मुद्रण करवून घेणाऱ्यांत गोहरजान, आग्रेवाली जोहराबाई अशा स्त्रियाच आघाडीवर होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनेक बुवा आणि खाँसाहेब या यंत्रापासून दूर राहिले. विद्या चोरीला जाईल, गाण्याची अप्रतिष्ठा होईल, अशी नाना भये होती. परिणाम असा की गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) किंवा जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. ज्यांना समाजाने मानाच्या बैठकीत बाजूला बसवले त्यांचा आवाज उरला. आणि ज्यांच्या पायाशी पिढ्या बसल्या त्यांच्याविषयी आपण केवळ आठवणी वाचतो.

आता तीन मिनिटांत नेमके काय होते ते पाहू. बैठकीत विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो. राग एकेका स्वराने उलगडत जातो. गायक गंधारावर येऊन थांबतो, तेथून परत फिरतो, पुन्हा येतो. तबकडीवर या येरझारांना जागा नाही. त्यामुळे काहींनी विलंबित सोडून सरळ मध्यलयीची बंदिश घेतली, काहींनी एका बाजूस विलंबित आणि दुसऱ्या बाजूस द्रुत अशी वाटणी केली. अस्थाई-अंतरा नीट मांडणे, दोनचार आलाप, आठदहा ताना आणि सुरेख शेवट, असा एक साचा यातून घडला. पंडित नारायणराव व्यास या साच्यात विशेष रमले. पुढे दादरला व्यास संगीत विद्यालय चालवणाऱ्या या गायकाच्या तबकड्या घराघरांत गेल्या, त्या त्यांच्या रेखीवपणामुळे.

पण या तंत्रात घाई करावीच लागते असे मात्र नाही. अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकावी. खमाज थाटातील हा तसा हलका समजला जाणारा राग. खाँसाहेब पहिला स्वर लावतात तो अशा निवांतपणे, की समोरची मेणाची तबकडी संपत चालली आहे याची त्यांना वार्ताच नसावी. शब्द थोडे, ताना जवळजवळ नाहीत, स्वराला स्वर चिकटलेला. तीन मिनिटे संपतात तेव्हा राग अपुरा राहिला असे वाटत नाही. चोथा होण्याचा आक्षेप घेणाऱ्यांनी ही एक तबकडी समोर ठेवून आपला युक्तिवाद पुन्हा करून पाहावा. माझ्या मते वेळेच्या बंधनाने गाणे लहान झाले. ते क्षुद्र व्हावे की नाही हे गाणाऱ्यावर होते.

तबकडीचा खरा अन्याय निराळाच आहे. लेबलावर गायकाचे नाव, रागाचे नाव, कंपनीचे चित्र. परंतु तबला कोणी वाजवला, सारंगी कोणाची, हे बहुधा दिलेले नसते. बंदिश रचणाराही गुप्तच. निवड करणाऱ्याच्या दृष्टीने ही माणसे हिशेबातच नव्हती.

आता मराठी मुलखाकडे वळू. आपल्याकडे सामान्य श्रोत्यासाठी रागसंगीताचे पहिले मोठे संकलन कोणत्याही कंपनीने काढलेले नाही. ते रंगभूमीने केले. १९१६ साली खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ रंगमंचावर आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. ज्यांचा आवाज उरला नाही असे वर म्हटले तेच हे बुवा. त्यांनी ख्यालाच्या बंदिशी उचलल्या आणि त्यांच्या अंगावर मराठी पदे चढवली. ‘नाथ हा माझा’ हे पद यमनात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात. ही पदे बालगंधर्वांनी गायली, त्यांच्या तबकड्या निघाल्या, आणि ज्याने आयुष्यात ख्यालाची बैठक पाहिली नाही असा माणूसही बिहागाचे दोन्ही मध्यम गुणगुणू लागला, त्यांची नावे ठाऊक नसताना. भास्करबुवांचे गाणे नाहीसे झाले हे म्हणूनच अर्धसत्य आहे. ते चालींच्या रूपाने दुसऱ्याच्या गळ्यात राहून गेले.

अर्थात नाटकाचे तिकीट सर्वांना परवडणारे नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, त्याची वर्णने आपण चवीने वाचतो. पण त्या रात्री साचाखात्यात पाळीवर उभ्या असलेल्या माणसाचा त्या खेळाशी काय संबंध? ग्रँट रोड परळपासून मैलांच्या हिशेबाने जवळ, बाकी हिशेबाने लांब. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर ठाकरसी सभागृह उभारले आणि कामगारांच्या नाटकांना हक्काची जागा मिळाली. (हे सभागृह शंभरी ओलांडून २०२३ साली बंद झाले.) ज्यांच्या नावाने आज डिलाईल रोड ओळखला जातो ते हेच जोशी.

तरीही गिरणगावात रागसंगीत मुख्यत्वे आले ते भजनातून, असे माझे मत आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत दहा-पंधरा जणांनी राहत, पाळीपाळीने झोपत. ना. म. जोशी मार्गावरील बत्तीस बी. डी. डी. चाळी आणि आसपासच्या गिरण्यांच्या चाळी यांमधून गावागावांची भजनी मंडळे निघाली. पेटी, पखवाज, झांजा आणि एक बुवा. या बुवांना चाली हव्या असत, आणि त्या त्यांना हाताशीच सापडत: नाटकातील पदांच्या, तबकडीवरील ठुमऱ्यांच्या. तुकोबांचा अभंग मालकंसात, गवळण पिलूत, शेवट भैरवीत. डबलबारीच्या सामन्यात एका बुवाने भूप घेतला, तर दुसऱ्याने त्यावर मात करण्यासाठी काय घ्यावे, हे जमलेल्या कामगारांना कळत असे. त्यांना कोणी रागलक्षणे शिकवली नव्हती. एखादा स्वर चुकीचा लागला तर मात्र झांजा थबकत.

म्हणजे प्रवास असा झाला: ख्यालाची बंदिश नाटकात गेली, नाटकातून तबकडीवर, तबकडीवरून पेटीवर आणि पेटीवरून चाळीच्या गॅलरीत. प्रत्येक टप्प्यावर काही गळले. आलापी गळली, मूळ शब्द गळले, बंदिशकाराचे नाव तर पहिल्याच टप्प्यावर गळले. पण रागाचा चेहरा शेवटपर्यंत टिकला. लोकसंगीत आणि अभिजात संगीत यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो, तिला लोअर परळमध्ये बरीच दारे होती.

रेडिओविषयी थोडक्यात. १९५२ साली नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केले. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५७ मध्ये विविधभारती निघाली आणि सरकारने मुकाट्याने माघार घेतली. सक्तीने रुची घडत नाही हे यातून दिसले. दुसरीकडे त्याच १९५२ साली ‘बैजू बावरा’ चित्रपटात अमीरखाँ आणि द. वि. पलुसकर यांची देसी रागातील जुगलबंदी आली, आणि जे राष्ट्रीय कार्यक्रमाला जमले नाही ते चित्रपटगृहातील खुर्चीवर झाले. पुढे विविधभारतीच्याच ‘संगीत सरिता’ने चित्रपटगीताचे बोट धरून राग समजावून सांगण्याची वाट धरली. ती मला अधिक शहाणपणाची वाटते.

निवडीचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र १९७७ साली झाला. अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचे संगीत म्हणून तीवर सत्तावीस तुकडे घेतले, सारे मिळून सुमारे नव्वद मिनिटांचे. बाखच्या तीन रचना, बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग, मोझार्ट, स्ट्रॅविन्स्की. आणि भारताच्या वाट्याला एकच: सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. गुरूचा आवाज तबकडीवर नाही आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला. याने निघाली ती ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी बाई वारल्या. जयपूर गायकीचा पसारा, तिचे अनवट राग, लयीशी चाललेला तो सूक्ष्म झगडा, यांतले त्या भैरवीत फारसे काही नाही असे जाणकार म्हणतील. खरेच आहे. पण बेथोव्हनच्या सिंफनीचाही तेथे एकच भाग आहे.

आता प्रश्न आपल्या पिढीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. खोल्या गेल्या तशी मंडळे पांगली. उलट संगीत मात्र पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त झाले. सारे मोबाईलवर आहे. पण तेथील याद्यांची नावे पाहावीत: ‘अभ्यासासाठी’, ‘झोपेसाठी’, ‘मनःशांतीसाठी’. माझा आक्षेप आहे तो येथे. तीन मिनिटांची तबकडी लावण्यासाठी माणूस उठत असे, किल्ली देत असे, सुई बदलत असे, आणि मग ऐकत असे. भजनात तर ऐकणाऱ्याच्या हाती झांज असे. आजची यादी तुम्ही ऐकू नये अशीच योजलेली आहे. ती मागे वाजत राहावी एवढीच तिची अपेक्षा. तुकडा लहान असण्याने जे बिघडले नाही ते लक्ष नसण्याने बिघडते.

यास्तव ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांच्यासाठी माझी एक छोटी निवड. आरंभ ‘नाथ हा माझा’पासून करावा, कारण ते बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. त्याच दिवशी यमनाचा कोणताही ख्याल ऐकावा आणि पदातील कोणती वळणे त्यात भेटतात ती शोधावीत. तीव्र मध्यम सापडला की निम्मे काम झाले. मग अब्दुल करीमखाँची झिंझोटी. त्यानंतर आग्रा घराण्याच्या फैयाजखाँचा नटबिहाग, म्हणजे एकाच लांबीच्या तबकडीत दोन स्वभाव कसे मावतात ते कळेल: एक स्वरात विरघळणारा, दुसरा लयीवर स्वार होणारा. केसरबाईंची भैरवी रात्री ऐकावी. एक तुकडा एका दिवशी, आणि तोच दोनदा. एका दमात साऱ्या ऐकल्या तर काही हाती लागणार नाही.

शेवटी तबकडी सोडून लाँगप्लेकडे यावे. अमीरखाँसाहेबांच्या एका रेकॉर्डवर मारवा आणि दरबारी हे दोन राग आहेत, प्रत्येक बाजूस एक, साधारण वीस मिनिटांचा. मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र. गायक षड्जावर येण्याचे सतत टाळतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळची एक हुरहूर शेवटपर्यंत निवत नाही. संध्याकाळी लोअर परळहून धीम्या गाडीने निघालेल्याला ही बाजू अंधेरी येण्याच्या आत पुरी ऐकता येते. दरबारी तेव्हा लावू नये. त्याला रात्र लागते आणि आजूबाजूला कोणी बोलत नसावे लागते.